चौथा ट्रे

हर्सूल
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

आधी एक चूक दुरुस्त करते. १२ जानेवारीला बालवाडीत मी जो लेखी खुलासा दिला, त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की तुमची शेंगदाण्यांची परात आपल्या ओट्यावर होती. ती ओट्यावर नव्हती. दाराबाहेर होती, उंबऱ्यापलीकडं, जुन्या पेपरवर. आज टेप लावून मोजलं. ओट्याच्या कडेपासून तिथपर्यंत साडेअकरा फूट भरतात.

तो कागद तुम्ही स्वतः वाचला नाहीत. दादानं वाचून दाखवला, आणि तो मध्येमध्ये थांबून तुमच्याकडं बघत होता, त्यामुळं तुमच्या कानावर किती गेलं कोण जाणे. म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

गॅदरिंगला नर्सरीच्या मुलांसाठी घरी केलेल्या चॉकलेट चिप कुकीज हव्या होत्या. तुम्ही बालवाडीत कामाला, म्हणून ते काम तुम्हीच मोठ्या मॅडमशी बोलून मला मिळवून दिलंत. शुक्रवारी, ९ तारखेला दुपारी, मी चार ट्रे भाजले. पहिल्या तिन्हींत बदाम आणि अक्रोड होते, छत्तीस कुकीज. चौथ्यात सहाच, बिनदाण्यांच्या, एकट्या श्रेयासाठी. तिला शेंगदाणा चालत नाही असं तिच्या आईनं शाळेला लिहून दिलं होतं. बदामाला हरकत नव्हती, पण मी म्हटलं, शंकाच नको, तिच्या कुकीत कसलेच दाणे नकोत. शनिवारी डबे तुम्ही नेलेत. श्रेयानं अर्धी कुकी खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला. चार वर्षांची पोर दोन दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे. डॉक्टरांनी कारण शेंगदाणाच सांगितलं.

माझ्या खुलाशात चार ओळी होत्या. एक, चारही ट्रेला बटर पेपर लावला होता. दोन, श्रेयाच्या ट्रेमध्ये कोणतेही दाणे घातले नव्हते. तीन, त्याच वेळी माझी वहिनी अंबिका संक्रांतीच्या तिळगुळासाठी शेंगदाणे भाजून सोलत होती, परात ओट्यावर होती. चार, डबे शाळेत तिनेच नेले.

कुणी म्हणेल, यात तुमच्यावर आरोप कुठं आहे? तेच मी स्वतःला सांगत आले आहे. मी आरोप केला नाही. फक्त चार वाक्यं एकाखाली एक ठेवली. मॅडमनी ती पालकसभेत मोठ्यानं वाचली आणि तुम्हाला सांगितलं की उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी भोगी होती. भाजी गॅसवर तशीच ठेवून तुम्ही पिशोरला माहेरी निघून गेलात. दादाचं म्हणणं अजून तेच आहे, तुम्ही चूक झाली एवढं म्हणावं आणि यावं.

आता तिसरी ओळ चुकीची होती हे मी लिहून दिलं. पण एक विचारायचं राहतं, रागावू नका. परात बाहेर होती हे खरं, पण तुम्ही मध्ये एकदा पाणी प्यायला आत आलात. माठ ओट्याला लागून आहे. तेव्हा हात धुतले होते का? आणि चौथ्या ट्रेच्या कुकीज डब्यात भरताना तुम्ही एक मोडकी कुकी उचलून बाजूला ठेवलीत, ती कोणत्या हातानं?

फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी फोनवर मी समोरच्याला बरं वाटेल तसं बोलत जाते. लिहिताना तसं होत नाही, म्हणून पत्र. पिशोरला टपाल दोन-तीन दिवसांत पोचतं असं पोस्टात म्हणाले.

बाकी इकडं विशेष काही नाही.

सोनिया


हर्सूल
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

इकडं विशेष काही नाही असं मागच्या पत्रात शेवटी लिहिलं, ते बरोबर नाही. विशेष आहे. मोठ्या मॅडमनी मला जूनपासून बालवाडीत शिकवायला बोलावलं आहे. म्हणाल्या, "तो खुलासा तूच लिहिलास ना? इतकं मुद्देसूद लिहिणारी मुलगी मला मिळत नाही." दोन मार्चला कागदपत्रं घेऊन बोलावलं आहे. तुम्ही जिथं तीन वर्षं मुलांचे डबे उघडून दिलेत, नाकं पुसलीत, त्याच वर्गात मी टेबलामागं बसणार. हे तुम्हाला दादाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटत होतं, आणि तरी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. का नाही लिहिलं ते मला माहीत आहे, पण ते लिहायला अजून जमत नाही.

तुमचं उत्तर आलं नाही. हातांबद्दल विचारलं म्हणून असेल. उत्तर न देणं हेही एक उत्तर असतं असं माझ्या मनात दोन-तीनदा आलं. मग वाटलं, पत्र पोचलंच नसेल. मग वाटलं, तुमच्या भावानं फोडलं असेल. सध्या माझं मन असंच चालतं, एका माणसावरून उठतं आणि दुसऱ्यावर जाऊन बसतं.

गेल्या आठवड्यात ते श्रेयाच्या आईवर जाऊन बसलं. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी तिनंच मुलीला काही खाऊ घातलं असेल, एखादी वडी, एखादी चिक्की, आणि आता लपवत असेल. संक्रांतीचे दिवस, घरोघरी दाणे भाजलेले. शनिवारी मी तिच्या घरी गेले. तलावाच्या बाजूला राहतात. श्रेया दारातच खेळत होती. मला बघून म्हणाली, "कुकीवाली ताई." तिच्या आईनं तिला आत पाठवलं. नंतर मला बसायला सांगितलं, चहाही केला. मी बिस्किटाला हात लावला नाही, आणि तिनंही आग्रह केला नाही.

मी विचारलं, त्या दिवशी सकाळी श्रेयानं काय खाल्लं होतं. ती उठून एक वही घेऊन आली. त्या बाईकडंही माझ्या कुकीजच्या वहीसारखी वही आहे, वहिनी. पोरीनं काय खाल्लं, किती वाजता, अंगावर काही उठलं का, सगळं रोजच्या रोज. १० जानेवारीला सकाळी दूध आणि केळं. नंतर काही नाही. तिच्या अक्षरात खाडाखोड होती, जागोजागी शाई बदललेली. खरी वही अशीच दिसत असावी.

ती बरंच काही बोलली. घरातून काय काय काढून टाकलं ते सांगत होती. ते सगळं इथं लिहीत नाही, पत्र लांबेल.

निघताना तिनं विचारलं, "तुमच्या वहिनी कशा आहेत? श्रेया रोज विचारते, अंबूताई कुठं गेली." मी म्हटलं, माहेरी गेल्या आहेत. ती म्हणाली, "मुद्दाम कुणी करत नाही हो. पण माणसानं एवढं तरी सांगावं की माझ्याकडून झालं. नेमकं कशानं झालं ते कळलं नाही तर मी हिला उद्या कशापासून जपू?"

मी मान हलवली. तिला वाटलं मी तुमच्या वतीनं मान हलवली.

काल ओव्हनवरचं कापड काढून पुसून ठेवलं. तुम्हाला आठवतं का, पहिल्यांदा कुकीज केल्या तेव्हा आई-आबा गावाहून आले होते? मी चॉकलेटचे चिप्स वाटीत काढून ठेवले होते. तुम्ही डोकावून म्हणालात, "ह्या शेळीच्या लेंड्या कुठून आणल्या?" आबा लई हसले. उभा जन्म मेंढ्या-शेळ्यांमागं गेलेला माणूस, त्यांनी एक चिप उचलून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "नाय, ही चरून आलेली नाय." आणि ट्रे बाहेर काढल्यावर तुम्ही बोटानं दाबून बघितलंत. "अय्या, कच्चंच काढलं की." मी सांगितलं, गार झाल्यावर कडक होतात. तुम्ही म्हणालात, "मऊ निघायचं नि मागून कडक व्हायचं. सासरच्या माणसावानी." आईसुद्धा हसली होती.

सोनिया


हर्सूल
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

श्रेयाची आई जे बोलली आणि जे मी पत्र लांबेल म्हणून लिहिलं नाही, ते असं. ती म्हणाली, "शेंगदाणे तर काढलेच, पण घाण्याचं तेलसुद्धा काढलं. डॉक्टर म्हणाले, कारखान्यात शुद्ध केलेलं तेल एखाद्या वेळी चालून जातं, पण लाकडी घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचा अंश राहतो. एक थेंब पुरतो."

ते ऐकून मी कप खाली ठेवला आणि श्रेयाच्या केळ्याबद्दल पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर पाच दिवस मी हे कुणालाही सांगितलं नाही.

परवा दादाची दुसरी पाळी होती, तो दुपारीच वाळूजला कंपनीत गेला. मी सगळं पुन्हा केलं, त्या शुक्रवारी केलं तसंच. वजनकाटा काढला. लोणी, साखर, गूळ पावडर फेटली. मैदा आणि सोडा चाळला. बदाम-अक्रोड कोरडे भाजून सुरीनं कापले. चिप्स शेवटी घातले. तेवढ्याच आचेवर, तेवढीच बारा मिनिटं. म्हटलं, हातानं केलं की हाताला आठवेल. तीन ट्रे झाले. दरवेळी बटर पेपर ओढला, कापला, अंथरला. चौथ्या ट्रेला हात रोलकडं गेला आणि थांबला. कारण त्या शुक्रवारी तो तिथं थांबला होता.

मग मी तुमच्या फळीकडं बघितलं. तुमच्या हिरव्या बांगड्या पुठ्ठ्याच्या नळीवर चढवून ठेवल्या आहेत. ती नळी कशाची आहे, वहिनी? ती बटर पेपरच्या रोलची आहे. त्या दुपारी तुम्ही पाणी प्यायला आत आलात, माझ्या हातातली रिकामी नळी बघितलीत आणि म्हणालात, "टाकू नका, मला द्या. बांगड्यांला व्हईल." मी दिली. तेव्हा तीन ट्रे झाले होते आणि चौथा व्हायचा होता.

म्हणजे चौथ्या ट्रेला पेपर नव्हता.

लोणीही नव्हतं, सगळं मोजून पिठात घातलं होतं. ट्रे घासून-पुसून कोरडा केला होता. श्रेयासाठी वेगळं भांडं, वेगळा चमचा. हात दोनदा साबणानं धुतले होते. एवढं सगळं करून मी ओट्यावरची किटली उचलली आणि बोटभर तेल ट्रेला चोळलं. आपल्याच घरचं तेल. आबांच्या रानातल्या शेंगा, फुलंब्रीच्या घाण्यावर काढलेलं, आईनं कॅन भरून पाठवलेलं. आपल्या घरात ते भाजीत असतं, डोक्याला असतं, दिव्यात असतं. आई तर लहान बाळाला त्यानंच चोळते. विकतचं तेल मीच हट्टानं बंद केलं होतं, त्यात भेसळ असते म्हणून. शेंगदाणे कुठं आहेत हे मी साडेअकरा फुटांवर शोधत होते, आणि ते माझ्या बोटावर होते.

परवा मी चौथा ट्रे तसाच भाजला, तेल लावून. ओव्हन उघडल्यावर चॉकलेटच्या वासाखाली भाजक्या शेंगेचा वास आला. अगदी स्पष्ट. त्या दिवशीही आला असणार. पण त्या दिवशी दाराबाहेर तुम्ही शेंगदाणे भाजत होता, तर वास तुमचाच असणार, असं धरून चालले.

त्या सहा कुकीज मी टाकून दिल्या. बाकीच्या दादानं खाल्ल्या. म्हणाला, "आज काहून केल्या? ऑर्डर आली का?" मी हो म्हटलं. हेही खोटंच.

आता तुम्ही म्हणाल, मग खुलाशात पहिलीच ओळ कशी लिहिली, चारही ट्रेला बटर पेपर लावला म्हणून? ती मी माझ्या वहीतून उतरवली. माझी कुकीजची वही तुम्ही पाहिली आहे, प्रत्येक ट्रेसमोर वजन, आच, मिनिटं, पेपर. त्या शुक्रवारच्या पानावर चौथ्या ट्रेसमोरही स्वच्छ अक्षरात 'पेपर' लिहिलेलं आहे.

ते पान मी सकाळी लिहिलं होतं. भाजायला बसण्याच्या तीन तास आधी.

बी.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलचं जर्नल आम्ही आधीच भरून न्यायचो. मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून आकडे घ्यायचे, निरीक्षणं, निष्कर्ष, सगळं आदल्या दिवशी तयार. मग प्रयोगशाळेत जाऊन त्या आकड्यांजवळ पोचायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं, अभ्यास असाच करतात. आपल्या घरात विचारायला कुणी नव्हतं. आबा अंगठा करतात, आई सही शिकली ती माझ्या फॉर्मसाठी. मी बघून बघून शिकले, आणि जे आधी शिकले ते अजून सुटलेलं नाही. वही आधी भरायची, काम नंतर करायचं. आणि काम वेगळं झालं तरी वही बदलायची नाही, कारण खाडाखोड वाईट दिसते.

तुमच्या हातांबद्दल मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आता देऊ नका.

सोनिया


हर्सूल
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी ओळखलंच नाही. लग्नानंतर तुम्हाला काही लिहिताना मी पाहिलेलं नाही. पाचवीपर्यंतची शाळा, तीही मेंढरांमागं फिरता फिरता, असं तुम्हीच सांगायचात, आणि मी त्यावरून धरून चालले की तुम्ही लिहीतच नाही. तुम्ही आठ ओळी लिहिल्यात. त्या मी इथं उतरवून काढते, म्हणजे पुढं कधी मी म्हणाले की तुम्ही असं लिहिलं नव्हतं, तर माझ्याच हातचं माझ्यासमोर धरता येईल.

"सोनाताई, तुमची तीन पत्रं मिळाली. हात धुतले व्हते. किटली तुम्ही उचलली ते म्या पाह्यलं व्हतं. तेलानं असं व्हतं हे मला काय ठावं. पर कागद संपला व्हता हे मला ठावं व्हतं, नळी माझ्याच हातात व्हती. त्या दिवशी तुमच्या दादानं खुलासा वाचला तवाच म्या म्हणलं, कागद तर संपला व्हता. ते म्हणले, सोनीच्या वहीत लिव्हलंय. मंग म्या काय बोलायचं. तुम्ही तिथंच बसल्या व्हत्या. श्रेयाला माझी याद सांगा. अंबिका."

मी तिथंच बसले होते. होय.

ती सोमवारची संध्याकाळ मी बुधवारपासून पुन्हापुन्हा बघते आहे. दादा कॉटवर, हातात खुलाशाची झेरॉक्स. तुम्ही ओट्याकडच्या भिंतीला टेकून उभ्या. दादानं पहिली ओळ वाचली आणि तुम्ही म्हणालात, "कागद तर संपला व्हता." हळू नाही, नेहमीच्या आवाजात. दादानं माझ्याकडं बघितलं. मी वही उघडली, पान काढलं, बोट ठेवलं. फक्त बोट ठेवलं. दादा म्हणाला, "हे बघ, वहीत लिव्हलंय. चौथा ट्रे, पेपर. आता तू खरी का वही खरी?"

तेव्हा मला माहीत होतं का की वही सकाळी भरलेली आहे? हा प्रश्न मी तीन दिवस धरून बसले आहे. माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते सोपं होईल. माहीत होतं असं लिहिलं तर एवढं कबूल केल्याचा मोठेपणा मला मिळेल, आणि तोही मला नको. जे आठवतं तेवढंच लिहिते. बोट ठेवताना मी तुमच्याकडं बघितलं नाही. मी ते न बघणं तुमच्यामुळं आहे असं समजले. तुम्ही खोटं बोलताय म्हणून मला बघवत नाही, असं.

या घरात लिहिणारी मी एकटी. गॅसचा फॉर्म, दादाच्या कंपनीचा अर्ज, आबांचा सातबारा, सगळं माझ्या हातचं. मी लिहिलं की ते झालं, अशी सगळ्यांना सवय. तुम्हालाही. म्हणून तर तुम्ही विचारलंत, मंग म्या काय बोलायचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की फोनवर माझं बोलणं बदलतं, लिहिताना बदलत नाही. तेही दुरुस्त करा. लिहिताना जास्त बदलतं, फक्त अक्षर चांगलं असल्यामुळं दिसत नाही.

गुरुवारी दादाला सगळं सांगितलं. तो जेवत होता. घास हातात तसाच ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुणाला बोललीस का?"

"नाही. वहिनींना लिहिलं."

"मंग बास. झालं ते झालं. लेकरू बरं हाय ना? आता कशाला उकरायचं. दोन तारखेला तुला बोलवलंय. आपल्या घरातली पहिली मास्तरीण व्हनार तू. आबानं गावभर सांगितलंय."

"आणि वहिनी?"

"तिला मी आणतो. जातो नि म्हणतो, चल. येती का नाय बघू."

"चूक झाली म्हण, असं नाही म्हणणार?"

"नाय म्हणत, जा."

"आणि शाळेत त्यांचं नाव खराब झालं, त्याचं काय?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "तिला काय, झाडलोटच करायची व्हती. दुसरीकडं करंल. तुझं तसं हाय का?"

मी दादाला वाईट ठरवायला हे लिहीत नाही. तो माझ्यासाठीच बोलत होता. बारावीनंतर माझं शिक्षण बंद करायचं ठरलं तेव्हा यानंच डबल पाळ्या करून मला कॉलेजात घातलं. पण ऐकताना एक शंका आली, आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण नवरा तुमचा आहे. तुम्ही म्हणालात कागद संपला होता, तेव्हा त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, की ठेवला आणि तरीही वहीकडं बोट दाखवलं? मला ठरवता येत नाही. विचारलं तर तो म्हणेल, मला काय कळतंय त्यातलं. ते तुम्हीच विचारा, समोरासमोर, आणि त्याला लिहायची सवय नाही तेव्हा निदान तो तोंडानं काय म्हणतो ते बघता येईल.

श्रेयाला तुमची याद सांगितली. ती म्हणाली, "अंबूताईला सांग, माझा डबा आता उघडत नाही. झाकण टाइट झालंय."

सोनिया


हर्सूल
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

हे पत्र लहान आहे.

दादा परवा पिशोरला येतो म्हणतोय. तो 'चल' म्हणाला तर तुम्ही यावं की नाही हे मी सांगणार नाही. पण एवढं सांगते, की त्याच्याबरोबर आलात तर तुम्ही माफ केल्यासारख्या याल, म्हणजे चूक तुमचीच होती आणि घरानं पोटात घातली, असं सगळे धरून चालतील. माझी विनंती आहे की शनिवारपर्यंत थांबा.

शनिवारी बालवाडीत पालकसभा आहे. तुमचं नाव जिथं वाचलं गेलं त्याच हॉलमध्ये. मोठ्या मॅडमना मी काल भेटून सांगितलं की मला पाच मिनिटं हवीत. कशासाठी ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या खुलाशात एक ओळ चुकली आहे. त्या हसल्या. "एवढंच ना? माझ्याकडं दे, मी फाईलला लावते. सभेत कशाला?" मी म्हटलं, पहिला सभेत वाचला होता. मग त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन तारखेचं लक्षात आहे ना सोनिया?" मी म्हटलं, आहे. त्यांना जे समजायचं ते समजलं असावं, कारण एरवी दारापर्यंत सोडायला येणाऱ्या मॅडमनी या वेळी बसल्या जागेवरूनच हात केला.

तिथं जाऊन माझा धीर सुटेल आणि मी नुसती 'काही गैरसमज झाला होता' असं बोलून खाली बसेन, अशी मला माझीच शंका येते. म्हणून आज संध्याकाळी नव्या खुलाशाची एक प्रत श्रेयाच्या आईला देऊन आले. तिनं तो दारातच उभ्यानं वाचला. पहिल्या ओळीत 'चौथ्या ट्रेला पेपर नव्हता, मी घाण्याचं शेंगदाणा तेल लावलं' असं आहे. दुसऱ्या ओळीत 'अंबिका यांनी त्याच दिवशी हे सांगितलं होतं, मी खोट्या नोंदीवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं' असं आहे. वाचून तिनं घडी घातली. चहा विचारला नाही. म्हणाली, "तेल. बघा, मी त्यांच्या हातांना दोष देत बसले होते." मी म्हटलं, मीही. ती म्हणाली, "मी येणार आहे शनिवारी. पहिल्या रांगेत बसेन." हे तिनं धीर द्यायला म्हटलं की लक्ष ठेवायला, ते कळलं नाही. दोन्ही चालेल.

आबांना फोन करून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेल आपलंच होतं व्हय." पुढं आईकडं फोन दिला.

सभा संपली की मी दुपारच्या गाडीनं पिशोरला येते. न्यायला नाही येत. ज्या कागदानं तुम्हाला घराबाहेर काढलं, त्याच्या जागी आलेला कागद तुमच्या हातात द्यायला येते, आणि यावेळी तो तुम्ही वाचायचा, मोठ्यानं, तुमच्या माणसांसमोर. हळू वाचला तरी चालेल. तुमच्या बांगड्या नळीसकट आणते.

कुकीजच्या वहीत पुढचं पान काढून ठेवलं आहे. वर फक्त तारीख घातली आहे आणि खाली काहीही लिहिलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं पान कोरं ठेवून कामाला जाते आहे.

सभा शनिवार, २८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता.

सोनिया